प्रकल्प नोंदी : दुधाच्या पत्रकाचं काम

३ फेब्रुवारी २०२५

ताईने शेवटी कामाला जुंपलंच. ती आहारतज्ज्ञ. तिच्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक जण निघताना दाराशी थबकतो आणि विचारतो, दूध घ्यावं की बंद करावं? कुणाला हाडांची काळजी, कुणी कुठेतरी कर्करोगाचं वाचलेलं. रोज तेच समजावून ती कंटाळली आहे. तिला चार पानांचं पत्रक हवंय, हातात देता येईल असं. शोधनिबंध वाचून तक्ता करायचा तो मी, मजकूरही माझाच, शेवटचा शब्द तिचा. मुदत दोन महिने.

तिने घातलेल्या अटी : अभ्यास माणसांवरचेच हवेत. ‘कॅल्शियम भरपूर’ असली प्रशस्तिपत्रकं नकोत. हाड मोडलं का, हृदयविकार झाला का, मधुमेह, कर्करोग, मृत्यू, एवढंच मोजायचं. आणि आयुष्यभराचा प्रश्न आहे, त्यामुळे दोन आठवड्यांचे प्रयोग मुख्य पुरावा म्हणून चालणार नाहीत, फार तर कारण समजून घेण्यापुरते.

तक्त्याचे रकाने ठरवले : अभ्यास, वर्ष, किती माणसं, किती वर्षं, काय खाल्लं, काय झालं. सहा रकाने. पुरेसे वाटतायत.

५ फेब्रुवारी

पहिल्या पानासाठी दुधाची ओळख. गाईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणी, सव्वातीन टक्क्यांच्या आसपास प्रथिनं (त्यातली ८० टक्के केसीन, उरलेली निवळीतली, म्हणजे व्हे), पावणेपाच टक्क्यांजवळ लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर. १०० ग्रॅमला कॅल्शियम साधारण १२० मिलिग्रॅम. स्निग्धांशापैकी जवळजवळ दोन तृतीयांश संपृक्त (सॅच्युरेटेड), सगळं भांडण तिथूनच सुरू होतं. संपृक्त मेद वाढला की एलडीएल (रक्तातलं ‘वाईट’ कोलेस्टेरॉल) वाढतं, एलडीएल वाढलं की हृदयविकार वाढतो, म्हणून दूध वाईट. तर्क सरळ आहे. इतका सरळ की मला शंका येते.

९ फेब्रुवारी

आज दोन मोठे अभ्यास एकामागोमाग वाचले आणि डोकं गरगरलं.

पहिला स्वीडनचा, २०१४ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आलेला. ६१,४३३ स्त्रिया, ४५,३३९ पुरुष. स्त्रियांवर सरासरी २० वर्षं लक्ष ठेवलं, पुरुषांवर ११. दिवसाला तीन किंवा जास्त ग्लास दूध पिणाऱ्या स्त्रियांत मृत्यूचा धोका एक ग्लासाहून कमी पिणाऱ्यांच्या तुलनेत १.९३ पट. म्हणजे जवळपास दुप्पट! वर नितंबाच्या हाडाचे फ्रॅक्चरही जास्त. ज्या हाडांसाठी दूध प्यायचं, तीच.

दुसरा ‘प्युअर’, २०१८ मध्ये लॅन्सेटमध्ये. २१ देश, १ लाख ३६ हजार माणसं, ३५ ते ७० वयाची, नऊ वर्षं. दिवसाला दोनपेक्षा जास्त वाढी (एक वाढी म्हणजे एका वेळी वाढायचं माप) दुग्धजन्य पदार्थ घेणाऱ्यांत मृत्यू सुमारे १७ टक्के कमी, पक्षाघात ३४ टक्के कमी.

दोन्ही नावाजलेल्या नियतकालिकांतले, दोन्ही प्रचंड. वर्तमानपत्राला कुठलाही एक उचलून मथळा करता येतो, आणि तसंच झालंय. ताईकडे येणारे घाबरलेले आणि निर्धास्त असे दोन्ही गट बहुधा याच दोन निबंधांची लांबची लेकरं.

रात्री परत वाचले. स्वीडनच्या निबंधात एक गोष्ट मथळ्यांत हरवली होती : चीज आणि आंबवलेलं दूध घेणाऱ्या स्त्रियांत मृत्यू आणि फ्रॅक्चर दोन्ही कमीच. संशोधकांचा तर्क असा की लॅक्टोजमधून येणारं गॅलॅक्टोज शरीरात दाह वाढवत असावं आणि आंबवताना ते घटतं. तर्क आहे, सिद्धता नाही. ज्यांची हाडं आधीच ठिसूळ झाली होती त्यांनीच भीतीपोटी दूध वाढवलं असेल, तर आकडे उलटे दिसतील, आणि सावधपणे वाचा असं ते स्वतःच सांगतात.

प्युअरबद्दल माझी शंका वेगळी. त्यातले बरेच देश गरीब किंवा मध्यम उत्पन्नाचे. जिथे लोक दूध अजिबात घेत नाहीत तिथे कारण अनेकदा आवड नसून ऐपत असते. ऐपतीचा हिशेब त्यांनी वजा केलाय, पण असा हिशेब पूर्ण कधी वजा होतो? आणि तुलना ‘शून्य’शी आहे. स्वीडनची तुलना एक ग्लासाहून कमी पिणाऱ्यांशी होती.

१० फेब्रुवारी

चूक सापडली, माझीच. ‘ग्लास’ हा शब्द मी सरसकट एकच मानून चाललो होतो. स्वीडनचा ग्लास २०० मिलिलिटरचा, प्युअरचा २४४ ग्रॅमचा. तीन ग्लासांत १३० ग्रॅमचा फरक. प्युअरमध्ये चीजची एक वाढी १५ ग्रॅमची चकती, लोण्याची ५ ग्रॅम. म्हणजे ‘दोन वाढी’ म्हणजे अर्धा लिटर दूध किंवा दोन चमचे लोणी! एकाच रकान्यात. आज दिवसभर सगळं ग्रॅममध्ये बदलत बसलो. दुधाने तोंड पोळलंय, आता ताकही फुंकूनच.

१४ फेब्रुवारी

ताईला तक्ता दाखवला. तिने चष्मा वर सरकवला आणि एकच विचारलं, “अरे, पण कशाऐवजी?”

मला कळलंच नाही आधी.

“माझ्याकडच्या एका बाईंनी दूध सोडलं. त्याऐवजी त्या गोड पेय पितात. दुसऱ्या एकांनी लोणी सोडून तेल धरलं. दोघींनी दुग्धजन्य पदार्थ कमी केले. तुझ्या तक्त्यात दोघी एकाच ओळीत जातील.”

गप्प बसलो. पोटाला ठरावीक जागा असते. एक वस्तू काढली की तिथे दुसरी येतेच. दूध चांगलं की वाईट हा प्रश्न अर्धवट आहे, त्याचं दुसरं टोक कुणी विचारतच नाही. सातवा रकाना घातला : कशाऐवजी.

आणि तो भरायला घेतला तेव्हा कळलं की अर्ध्याअधिक निबंधांत तो भरताच येत नाही. तिथे ‘इतर काहीही’ लिहावं लागतं.

१६ फेब्रुवारी

ज्यांत तो रकाना नीट भरता येतो असा एक मिळाला. अमेरिकेतल्या तीन मोठ्या गटांवरचा, २०१६ चा, २ लाख २० हजारांहून अधिक माणसांचा. एकूण ऊर्जेपैकी दुधातल्या मेदातून येणारी ५ टक्के ऊर्जा बहुअसंपृक्त मेदाकडे (बऱ्याच वनस्पती तेलांतल्या) वळवली, तर हृदय-रक्तवाहिन्यांचे विकार २४ टक्के कमी. सर्वसाधारण वनस्पतिजन्य मेदाकडे वळवली तर १० टक्के. आणि तीच ऊर्जा दुसऱ्या प्राणिजन्य मेदातून घेतली तर ६ टक्के जास्त.

हे वाक्य मी तीनदा वाचलं. तोच दुधाचा मेद : तेलाशेजारी ठेवला तर हरतो, मांसाच्या चरबीशेजारी ठेवला तर जिंकतो. बोललात का?

(हे प्रत्यक्ष बदलून पाहिलेलं नाही, आकडेमोडीतून काढलेलं आहे. पत्रकात तसं स्पष्ट लिहायचं.)

डॅश हा रक्तदाबावरचा प्रत्यक्ष आहार-प्रयोग. १९९७ चा. ४५९ माणसं, आठ आठवडे, जेवण संशोधकांनीच पुरवलेलं, मीठ आणि वजन सगळ्यांचं स्थिर ठेवलेलं. फळं-भाज्या वाढवलेल्या गटात वरचा रक्तदाब २.८ ने उतरला, आणि फळं-भाज्यांबरोबर कमी स्निग्धांशाचे दुग्धजन्य पदार्थ देऊन एकूण मेद घटवलेल्या गटात ५.५ ने. ज्यांना आधीच उच्च रक्तदाब होता त्यांच्यात तर ११.४ ने. औषधाच्या गोळीशी बरोबरी करणारा आकडा. पण त्यातला दुधाचा वाटा किती? सांगता येत नाही, मांस आणि गोडही त्याच वेळी कमी केलं होतं. दूधवाल्या संघटना हा प्रयोग दुधाचा विजय म्हणून मिरवतात, ते मला पटत नाही. विजय अख्ख्या ताटाचा आहे.

२० फेब्रुवारी

‘दुग्धजन्य पदार्थ’ ही ओळ आज तक्त्यातून कायमची काढली. तिच्या जागी चार : दूध, आंबवलेलं (दही वगैरे), चीज, लोणी-साय.

कारण हे. २०११ चा डेन्मार्कचा प्रयोग : ४९ माणसं, सहा आठवडे चीज, सहा आठवडे लोणी, दोन्हीत मेद सारखाच. लोण्याच्या तुलनेत चीजच्या काळात एलडीएल कमी. मेद तोच, दुधाचाच, पण परिणाम वेगळा. मग फरक कुठून आला? चीजमध्ये कॅल्शियम असतं, ते आतड्यात मेदाला धरून थोडा बाहेर नेतं हा एक अंदाज.

दुसरा धागा २०१५ च्या स्वीडनच्या प्रयोगात. ५७ माणसं, आठ आठवडे, रोज ४० ग्रॅम दुधाचा मेद. अर्ध्यांना सायीतून, अर्ध्यांना लोण्याच्या तेलातून (म्हणजे लोण्यातला निव्वळ मेद). सायीच्या गटात एलडीएल जवळपास जिथल्या तिथे, तेलाच्या गटात वाढलं. दुधात प्रत्येक मेदकणाभोवती एक पातळ पडदा असतो. घुसळताना तो फाटतो आणि लोण्यात फारच थोडा उरतो. संशोधकांचा रोख त्या पडद्यावर आहे.

हे मला फार आवडलं. घुसळणं म्हणजे नुसतं वेगळं करणं नाही, पदार्थाचा स्वभावच बदलतो. पोषणाचे तक्ते मात्र सगळा मेद एकाच भांड्यात ओततात. मी ५ तारखेला ज्या सरळ तर्कावर शंका घेतली होती ती इथे खरी ठरली. तर्क खोटा नव्हता, अपुरा होता. एलडीएलचा आणि हृदयविकाराचा संबंध पक्का आहे, फक्त ‘संपृक्त मेद म्हणजे संपृक्त मेद’ हे गृहीतक कच्चं निघालं.

ताईचा इशारा : हे वाचून कुणी सायीचा डबा उघडेल. जागतिक आरोग्य संघटनेची २०२३ ची मर्यादा, संपृक्त मेद एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपर्यंतच, तीही छापायची. छापतो.

२४ फेब्रुवारी

तक्ता वर्षांप्रमाणे लावताना एक रकाना निवडायचा राहिला आणि सगळे निकाल एका ओळीने खाली सरकले. लोण्याचे आकडे चीजला, चीजचे दह्याला. अर्धा तास लोणी आरोग्यदायी होतं. जुनी प्रत होती म्हणून वाचलो.

२ मार्च

हाडं. या भागासाठी मी सगळ्यात जास्त वेळ राखून ठेवला होता, आणि बरं केलं.

दीर्घ मुदतीच्या निरीक्षणांत दूध आणि फ्रॅक्चर यांचं नातं गोंधळाचं. स्वीडनचं तर वर आलंच. ज्या देशांत दूध भरपूर पितात तिथे नितंबाची हाडंही जास्त मोडतात, हेही खरं, पण देशादेशांची तुलना फसवी असते. वय, उंची, व्यायाम, ऊन, सगळं बदलतं.

मग हा मिळाला. ऑस्ट्रेलिया, बीएमजे, २०२१. वृद्धांची ६० निवासगृहं, ७,१९५ रहिवासी, सरासरी वय ८६. चिठ्ठ्या टाकून अर्ध्या घरांत दूध, दही, चीज वाढवलं, अर्ध्यांत नेहमीचंच जेवण. दोन वर्षं. वाढवलेल्या घरांत कॅल्शियम दिवसाला ११४२ मिलिग्रॅमवर गेलं, दुसऱ्या घरांत ते ७०० होतं. प्रथिनंही वाढली. निकाल : फ्रॅक्चर ३३ टक्के कमी, नितंबाचे ४६ टक्के कमी, पडण्याचं प्रमाण ११ टक्के कमी. आणि नितंबाच्या हाडांतला फरक पाचव्या महिन्यातच दिसू लागला.

पडणंच कमी झालं, ही बारीक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. म्हणजे फायदा फक्त हाडाला झाला नसावा. प्रथिनांमुळे स्नायूही सावरले असतील.

पण ‘३३ टक्के’ असं पत्रकात टाकायला हात धजेना. नुसता आकडा काढला : नेहमीच्या जेवणाच्या घरांत १०० पैकी ५.२ जणांचं हाड मोडलं, वाढवलेल्या घरांत ३.७ जणांचं. म्हणजे दोन वर्षांत साधारण ६७ जणांना हे जेवण दिलं तर एकाचं हाड वाचतं. ३३ टक्के ऐकायला ढोल, ६७ मध्ये एक ऐकायला टिचकी. दोन्ही खरं. आणि ८६ वर्षांच्या माणसाचं नितंबाचं हाड मोडणं म्हणजे काय असतं ते ज्यांनी घरात पाहिलंय त्यांना ती टिचकीही थोडी वाटणार नाही. मृत्यूंत मात्र दोन्ही गटांत फरक नाही.

मर्यादा : ही माणसं आधी कमी खाणारी होती. पोट भरलेल्या चाळिशीतल्या माणसाला हाच निकाल लावता येणार नाही. दुधाचं हाडावरचं काम तुटवडा भरून काढण्याचं आहे, भरलेल्या घागरीत ओतण्याचं नाही. (हे वाक्य पत्रकात जाईल. ताई ‘घागर’ काढेल बहुतेक.)

८ मार्च

जनुकांची सोडत. निरीक्षणांतली खोट अशी की दूध पिणारी माणसं इतर बाबतीतही वेगळी असतात. त्यावर एक युक्ती : मोठेपणी लॅक्टोज पचवणारं विकर (एन्झाइम) सुरू राहणं जन्मजात जनुकावर ठरतं. जगातल्या बहुतेक प्रौढांत, साधारण दोन तृतीयांशांत, हे विकर बालपणानंतर घटतं. ते टिकणाऱ्यांना दूध सोसतं, म्हणून ती माणसं जास्त पितात. जनुक चिठ्ठीसारखं वाटलं जातं, त्यात ऐपत किंवा सवय येत नाही. मग दोन गटांचं आरोग्य ताडून पाहायचं.

डेन्मार्कमध्ये सुमारे ९८ हजार माणसांवर हे केलं, २०१५ मध्ये. विकरवाले आठवड्याला पाच ग्लास पीत, बिनविकराचे तीन. हृदयविकारात फरक नाही. मधुमेहात नाही. स्थूलतेत नाही. नितंबाच्या फ्रॅक्चरमध्येही नाही (हा निबंध २०१८ चा).

ताईला फोन केला, “बघ, दूध काहीच करत नाही!” ती म्हणाली, “आठवड्याला दोन ग्लासांच्या फरकातून तुला काय दिसायला हवं होतं?” बरोबर. मोठा परिणाम असता तर दिसला असता, बारीक असेल तर या जाळ्यातून निसटला. तक्त्यात ‘मोठी हानी नाही, मोठा लाभ नाही’ असं लिहिलं. पत्रकाचं हे सर्वांत कंटाळवाणं आणि बहुधा सर्वांत खरं वाक्य.

याच पानावर चौकट : दूध सोसत नसेल तर? विकर घटलेल्यांपैकी बहुतेकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत लॅक्टोज, म्हणजे साधारण एक ग्लासभर दूध, फारशा त्रासाशिवाय चालतं. मुरलेल्या कडक चीजमध्ये लॅक्टोज नावालाच. दह्यातले जिवंत जिवाणू ते पचवायला मदत करतात. पोट बिघडणं आणि दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी या वेगळ्या गोष्टी आहेत, हे ठळक टाइपात.

१५ मार्च

दही. हा विषय निम्मा इतिहास आहे. १९०५ मध्ये बल्गेरियाच्या स्तामेन ग्रिगोरोव यांनी जिनिव्हात दह्यातला तो लांबट जिवाणू ओळखला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतले इल्या मेचनिकोव, १९०८ चे नोबेल मानकरी, दीर्घायुष्याचं श्रेय आंबवलेल्या दुधाला देऊ लागले. नोबेल मिळालं ते रोगप्रतिकारावरच्या कामाला, दह्याला नव्हे. पण लोकांच्या डोक्यात दोन्ही मिसळलं, आणि शंभर वर्षं झाली तरी जाहिरातीतलं दही त्यावरच जगतंय.

आजचा पुरावा : रोजच्या एका वाटी दह्याबरोबर टाइप २ मधुमेह सुमारे १८ टक्के कमी (२०१४, अनेक अभ्यास एकत्र करून), एकूण दुग्धजन्य पदार्थांचा मात्र संबंध नाही. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आठवड्याला दोन कप दह्याबद्दल असा दावा छापायला मुभा दिली, पण ‘मर्यादित पुरावा’ हे शब्द जोडूनच. मागणी एका दही विकणाऱ्या कंपनीची होती, हेही लक्षात ठेवावं. आणि दही खाणारी माणसं सहसा व्यायामही करतात.

स्टॅनफर्डचा २०२१ चा प्रयोग छोटा, ३६ माणसांचा, दहा आठवड्यांचा. आंबवलेले पदार्थ खाल्लेल्यांच्या आतड्यात जिवाणूंची विविधता वाढली, रक्तातली दाहाशी निगडित १९ प्रथिनं घटली. पण त्यात दह्याबरोबर आंबवलेल्या भाज्याही होत्या. श्रेय एकट्या दह्याला देता येत नाही.

गोड दह्याबद्दल एक ओळ हवी. साखर घातली की ‘कशाऐवजी’चा हिशेब बदलतो.

२१ मार्च

कर्करोग. इथे ताई आणि मी भांडलो.

आतड्याच्या कर्करोगाबाबत चित्र त्यातल्या त्यात स्वच्छ. जागतिक कर्करोग संशोधन निधीने २०१८ मध्ये दुग्धजन्य पदार्थांमुळे हा धोका ‘बहुधा’ घटतो असं म्हटलं. या जानेवारीत ब्रिटनच्या ५,४२,७७८ स्त्रियांचा सोळा-सतरा वर्षांचा अभ्यास आला. ९७ आहारघटक तपासले, त्यात दिवसाला ३०० मिलिग्रॅम जादा कॅल्शियममागे धोका १७ टक्के कमी. शिवाय विकराच्या जनुकानेही तीच दिशा दाखवली, म्हणून मी याला जास्त वजन देतो. कारणही समजण्यासारखं : कॅल्शियम आतड्यात पित्ताम्लांना बांधतं.

पण प्रोस्टेटच्या कर्करोगाबाबत त्याच निधीचा शेरा उलटा, ‘मर्यादित, पण सूचक’ : दुग्धजन्य पदार्थ आणि जास्त कॅल्शियम घेणाऱ्यांत धोका वाढत असावा.

ताईचं म्हणणं, दुसरं छापू नकोस, लोक घाबरतील. माझं म्हणणं, एक बाजू लपवली तर उद्या तेच कुठेतरी वाचून पत्रकच फेकून देतील. अखेर तोड अशी : दोन्ही, पण ‘बहुधा’ आणि ‘सूचक’ यांतला फरक सोप्या शब्दांत. आणि ज्यांच्या घराण्यात प्रोस्टेटचा कर्करोग आहे त्यांनी दुधाचं प्रमाण डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

२८ मार्च

मसुदा तिघांना वाचायला दिला. शेजारच्या काकूंनी पहिलं पान वाचलं आणि विचारलं, “म्हणजे प्यायचं की नाही?” दुसऱ्याने तक्ता पाहून पत्रक मिटलं. तिसरीने ‘कशाऐवजी’ या शब्दाखाली रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, ‘मी दूध सोडून बिस्किटं वाढवली होती.’

तक्ता शेवटच्या पानावर टाकला. पहिल्या पानावर आता मोठ्या अक्षरांत एक प्रश्न आणि खाली दोन मोकळ्या ओळी : ‘मी कमी करणार आहे : …… त्या जागी खाणार आहे : ……’

४ एप्रिल

ताईने अंतिम प्रत तपासली. काढलेले शब्द : घागर, ढोल, टिचकी, ‘लांबची लेकरं’. ठेवलेला : ‘बोललात का?’ का ठेवला माहीत नाही, बहुधा नजरेतून सुटला.

राहिलेलं काम : स्वीडनच्या ग्लासाचा आकडा परत पडताळणं, चौकटीतला ॲलर्जीचा मजकूर डॉक्टरांना दाखवणं, दोन मोकळ्या ओळींसाठी जागा वाढवणं. काकूंना त्या पुरल्या नाहीत. त्यांनी मागच्या कोऱ्या पानावरही लिहिलंय.